पडलेल्या उंदरांचा प्रश्न

‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग आता कानावर येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी आजी-पणजीच्या तोंडून प्लेगच्या हकिकती ऐकल्या असतील, त्यांनाच तो ओळखीचा वाटेल. घरात उंदीर ‘मेला’ असे त्या काळची माणसे म्हणत नसत. मेलेला उंदीर मांजराने मारलेला असेल, सापळ्यात सापडलेला असेल. त्यात विशेष ते काय? पण उंदीर ‘पडला’ म्हणजे कोणी न मारता, आढ्यावरून झिंगल्यासारखा खाली येऊन गतप्राण झाला. असे उंदीर पडू लागले की गाव रिकामे करायचे आणि माळावर झोपड्या बांधून राहायचे, हा त्या पिढीचा शिरस्ता होता. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते. वारंवार पाहून, एका घटनेमागून दुसरी घटना येते हे ध्यानात ठेवून, पुष्कळ किंमत मोजून ते मिळवलेले होते.

आज या शब्दाची आठवण होण्याचे कारण शालेय आहे. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असा आदेश दिला. तेव्हापासून आपल्या नातवंडांच्या पुस्तकांत अन्नसाखळी, अधिवास, परिसंस्था हे शब्द आले. शेजारच्या विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, अनुमान ही चौकडी आधीपासून होतीच. मुले हे सारे पाठ करतात आणि गुणही चांगले मिळवतात. मात्र उदाहरण बहुधा एकच असते: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. उदाहरणात चूक काही नाही. पण नानपुऱ्यातल्या किंवा सगरामपुऱ्यातल्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाने यांपैकी एखादा प्राणी पाहिला असला तर असला. जीवसृष्टीतील परस्परसंबंध हे कुठेतरी लांब, रानात चालणारे प्रकरण आहे अशी त्याची समजूत होते. वास्तविक या विषयाचा अत्यंत भेदक धडा त्याच्याच शहरात घडलेला आहे, आणि तो धडा उलगडणारे बरेचसे संशोधन मुंबईच्या परळ भागात झालेले आहे. सुरत १९६० पर्यंत मुंबई राज्याचाच भाग होते, हे नव्या पिढीला सांगावे लागते. जुन्या मंडळींना त्या वेळचे मुंबईचे टपाल आणि मुंबईची हुकूमपत्रे आठवत असतील. म्हणजे परळची ती प्रयोगशाळा एका अर्थी आपलीही होती.

सुरतेला प्लेग नवा नव्हता. गुजरातीत त्याला ‘मरकी’ म्हणतात आणि तो शब्द येथील मराठी घरांतही रुळलेला आहे. सतराव्या शतकात, सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर असताना, १६८४ पासून सलग सहा वर्षे येथे साथ चालू होती. परंतु सगळ्यांत उद्बोधक नोंद त्याच्याही आधीची, जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रातील आहे. आग्र्याच्या साथीच्या काळात, १६१९ च्या सुमारास, आसफखानाच्या मुलीने बादशहाला घरातील एक प्रसंग सांगितला. अंगणात एक उंदीर दारू प्याल्यासारखा झोकांड्या खात होता. दासीने त्याला शेपटीला धरून मांजरापुढे टाकले. मांजराने तो तोंडात धरला आणि लगेच किळस आल्यासारखा सोडून दिला. पुढे मांजर आजारी पडले. मग एका दासीला गाठ आली आणि ती दगावली. आठ-नऊ दिवसांत त्या घरातली सतरा माणसे गेली. बादशहाने हे सारे क्रमवार लिहून ठेवले आहे. उंदीर, मांजर, माणूस असा क्रम त्यात आहे, दिवसांचे अंतर आहे, आकडा आहे. उत्तम निरीक्षणाला लागणारे सर्व काही आहे. नाही तो फक्त पुढचा प्रश्न: उंदरापासून माणसापर्यंत ही बाधा पोचली कशी? तो प्रश्न विचारला जाऊन त्याचे उत्तर मिळायला आणखी पावणेतीनशे वर्षे जावी लागली.

१८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला. (जपानचे किटासाटोही त्याच वेळी तेथे होते आणि श्रेयाचा वाद दीर्घकाळ चालला.) दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली; तेव्हा मात्र तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

यानंतरचा इतिहास मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेग म्हटले की आपल्याला सोजिरांची घरझडती, देवघरापर्यंत गेलेले बूट, क्वारंटाइनच्या छावण्या हेच आठवते, आणि ते योग्यही आहे. पण त्या संतापाच्या आड एक वेगळी गोष्ट झाकली गेली. सरकारचे उपाय केवळ अपमानास्पद होते असे नाही, तर बव्हंशी निरुपयोगी होते. रोग घाणीतून, जमिनीतून, रुग्णाच्या स्पर्शातून आणि कपड्यांतून पसरतो अशी तत्कालीन अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून घरे कार्बोलिकने धुतली गेली, कौले उतरवून ऊन आत सोडले गेले, अंथरुणे जाळली गेली, माणसे वेगळी काढली गेली. उंदीर मात्र या धांदलीत एका घरातून दुसऱ्या घरात निवांत गेले. मी स्वतः आयुष्यभर सरकारी कचेरीत काम केले आहे. गृहीतक तपासण्याआधीच त्याचे परिपत्रक निघाले की काय होते, याची मला थोडीफार कल्पना आहे.

याच काळात पाश्चर संस्थेचे पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर हिंदुस्थानात आले. त्यांनी दोन गोष्टी टिपल्या. काही रुग्णांच्या अंगावर, आजाराच्या अगदी सुरुवातीला, एक बारीकसा फोड असे आणि त्याच बाजूच्या काखेत किंवा जांघेत पुढे गाठ येई. दुसरी गोष्ट एका लोकरीच्या कारखान्यातली. सकाळी कामगार आले तेव्हा जमिनीवर पुष्कळ उंदीर मरून पडले होते. वीस मजुरांना ते उचलायला सांगण्यात आले. तीन दिवसांत त्यांपैकी दहांना प्लेग झाला, बाकीच्या कामगारांपैकी कोणालाही नाही. त्याच वेळी असेही दिसे, की बराच वेळ मरून पडलेला, थंडगार झालेला उंदीर हाताळला तर सहसा काही होत नाही. ताजा मेलेला उंदीर घातक आणि जुना निरुपद्रवी, हे कोडे होते. उंदराच्या देहात जंतू तर दोन्ही वेळा असतातच. मग ताज्या देहावर असे काय असते, जे थंड देहावर नसते? उत्तर पिसवा हे होते. उंदराचे शरीर गार पडू लागले की पिसवा ते सोडून ऊबदार रक्ताच्या शोधात निघतात.

हे झाले गृहीतक. २ जून १८९८ रोजी कराचीतील रेनॉल्ड्स हॉटेलच्या खोलीत सिमाँ यांनी ते प्रयोगाला लावले. काचेच्या मोठ्या भांड्यात एक आजारी उंदीर आणि पिसवा सोडल्या. तो मरणोन्मुख झाल्यावर जाळीच्या लहान पिंजऱ्यातला निरोगी उंदीर त्याच भांड्यात ठेवला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून येऊ शकत होत्या त्या फक्त पिसवा. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. याच्या जोडीला त्यांनी दुसराही प्रयोग केला: पिसवा अजिबात नसलेला आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकत्र ठेवले. या वेळी निरोगी उंदराला काही झाले नाही. मुलांच्या पुस्तकात ‘तुलनागट’ म्हणून जी रुक्ष व्याख्या असते, तिचा सारा अर्थ या दुसऱ्या प्रयोगात आहे. पहिल्या प्रयोगाने फक्त असे होऊ शकते एवढे सांगितले. पिसू वगळली की बाधाही वगळली जाते, हे दुसऱ्याने सांगितले.

सिमाँ यांचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि जवळजवळ कोणीच तो मानला नाही. हिंदुस्थानात नेमलेल्या प्लेग आयोगाने पिसवांचा मार्ग फारसा विचारात घेण्याजोगा नाही असा निष्कर्ष काढला. हा केवळ अहंकार होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. युरोपातल्या काही संशोधकांनी पिसवा घेऊन पडताळणी केली आणि उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही असे त्यांना आढळले. त्यांचेही निरीक्षण खोटे नव्हते. फक्त त्यांची पिसू वेगळी होती! युरोपातील थंड हवेतल्या उंदरावर एका जातीची पिसू असते, हिंदुस्थानातील उंदरावर दुसऱ्या जातीची. आणि ही दुसरी, उंदीर मिळेनासे झाले की माणसाला खुशाल चावते. तिचे शास्त्रीय वर्णन चार्ल्स रॉथशिल्ड यांनी १९०३ साली केले. एरवी ‘कीटकांची नावे पाठ करून काय मिळणार’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे ठरावे. जात ओळखली नव्हती म्हणून एक खरा शोध अनेक वर्षे अडगळीत पडला, आणि त्या वर्षांत या देशात लाखांनी माणसे मेली.

कोंडी फुटली ती मुंबईत. वॉल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपल्या प्लेगप्रतिबंधक लशीचा पहिला प्रयोग स्वतःवर केला होता; त्यांची प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती. तिलाच पुढे १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. तेथील ग्लेन लिस्टन या अधिकाऱ्याने १९०३ साली एका चाळीतील घटनाक्रम टिपला. आधी उंदीर पडले. मग काही दिवस शांतता. मग रहिवासी पिसवांच्या उपद्रवाने हैराण झाले. मग माणसे आजारी पडली. लिस्टन यांनी त्या घरातील माणसांच्या अंगावरच्या तीस पिसवा पकडून तपासल्या. त्यांपैकी चौदा उंदरांवरच्या जातीच्या निघाल्या. जेथे उंदीर पडले नव्हते अशा घरांतील माणसांवर ही जात जवळजवळ सापडतच नव्हती. विशेष म्हणजे त्यांनी हे सारे १९०४ साली एका व्याख्यानात मांडले, ते वैद्यांच्या नव्हे तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सभेत, पक्षी आणि फुलपाखरे यांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींपुढे. रोगाचा प्रश्न हा प्राण्यांच्या सहजीवनाचा प्रश्न आहे, हे त्यांना उमगले होते असे मला वाटते.

१९०५ पासून परळला नव्या संशोधन मंडळाने जे प्रयोग केले, ते आजही शाळेत गोष्टीसारखे सांगता येतील. मुद्दाम बांधलेल्या लहान खोपटांत गिनिपिग सोडले. पिसवा नसताना आजारी आणि निरोगी जनावरे एकाच जमिनीवर, एकाच अन्नावर, एकमेकांच्या घाणीत राहिली. साथ पसरली नाही. आजारी मातेचे दूध पिणारी पिलेसुद्धा वाचली. पिसवा सोडल्या की साथ पसरे. मग प्रश्न आला, पिसू किती उंच उडते? सुमारे चार इंच. म्हणून बाधित खोलीत गिनिपिगांचे काही पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर ठेवले आणि काही दोन फुटांवर टांगले. खालचे मेले, वरचे जगले. रोग हवेतून किंवा दुर्गंधीतून येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडणार होता? आणखी एका प्रयोगात एका पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, दुसऱ्याभोवती पसरला नाही. कागदाच्या आतले प्राणी सुरक्षित राहिले आणि कागदाला चिकटलेल्या पिसवा मोजता आल्या. कार्बोलिकच्या पिंपांनी जे साधले नाही, ते चिकट कागदाच्या पट्टीने दाखवून दिले.

मंडळाने मुंबईत एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर तपासले. त्यातून जे चित्र दिसले ते खऱ्या अर्थाने परिसंस्थेचे आहे. शहरात उंदरांच्या दोन जाती होत्या: गटारात आणि बिळांत राहणारा दांडगा तपकिरी उंदीर, आणि माणसाच्या घरात, छपरात राहणारा सडपातळ काळा उंदीर. साथ आधी गटारातल्या उंदरांत येई. सुमारे दहा दिवसांनी ती घरातल्या उंदरांत दिसे. त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडू लागत. म्हणजे आपल्या आज्यांनी ‘उंदीर पडले’ म्हणून घर सोडले, तेव्हा त्यांच्या हातात जेमतेम दोन आठवडे होते, आणि घर सोडण्याचा निर्णय शास्त्राच्या कसोटीवर अचूक होता. कडक उन्हाळ्यात साथ का ओसरते, याचेही उत्तर मिळाले. उष्ण आणि कोरड्या हवेत पिसवा फार जगत नाहीत. १९१४ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत बॅकट आणि मार्टिन यांनी शेवटचा दुवा जोडला. जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत वाढून तिला बूच मारतात, प्यालेले रक्त तिच्या पोटात जातच नाही, आणि भुकेने वेडी झालेली पिसू पुन्हापुन्हा चावत आतले जंतू जखमेत ओकते. मांडवीच्या धान्यवखारी, त्यांवर पोसलेले उंदीर, उंदरांवर पोसलेल्या पिसवा, पिसवांत वाढणारे जंतू: ही अन्नसाखळीच आहे. माणूस तिच्यात मुळात नव्हताच. उंदीर संपल्यामुळे तो तिच्यात ओढला गेला. या साखळीने १८९६ नंतरच्या पाव शतकात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

आता सुरतेकडे येऊ. देशात १९६६ नंतर प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता आणि देखरेखीची यंत्रणा हळूहळू झडून गेली होती. सप्टेंबर १९९४ मध्ये प्रथम बीड जिल्ह्यातील मामला गावातून गाठीच्या तापाच्या बातम्या आल्या. तेथे त्याआधी उंदीर पडले होते आणि पिसवा वाढल्या होत्या. पाठोपाठ, गणेशविसर्जनानंतर, सुरतेत वेड रोड आणि कतारगामच्या यंत्रमाग वस्त्यांतील तरुण कामगार तीव्र न्यूमोनियाने दगावू लागले. त्यानंतरचे आठ दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वर्णनाची गरज नाही: टेट्रासायक्लिनसाठीच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, बंद दवाखाने, स्टेशनवरची रेटारेटी. काही लाख माणसे शहर सोडून गेली. मृत्यू पन्नाशीच्या आसपास झाले. माणसे गेली ती गेलीच. पण ही संख्या आणि तो हलकल्लोळ यांतील विषमता शाळेतल्या मुलालाही दाखवून देण्याजोगी आहे.

त्या दिवसांत आपल्या समाजाला एक वेगळी झळ लागली. रोग महाराष्ट्रातून आला, तिकडच्या मजुरांनी आणला, असे उघड बोलले जाऊ लागले. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) पडक्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, त्यातून बीडला प्लेग झाला, आणि गणपतीसाठी गावी गेलेल्या कामगारांबरोबर तो सुरतेत आला, अशी सलग कथा वर्तमानपत्रांनी रचली. पिढ्यान्पिढ्या सुरतेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही शेजाऱ्यांच्या नजरा जाणवल्या. आणि आपल्यापैकी काहींनी ‘आम्ही ते नव्हे, आम्ही इथले जुने’ असे सांगून स्वतःची सुटका करून घेतली, हेही नमूद केले पाहिजे. ही कथा असंभव नाही. पण कथा सुसंगत असणे आणि ती सिद्ध होणे यांत अंतर आहे. किल्लारी लातूर जिल्ह्यात, मामला बीड जिल्ह्यात. आणि सुरतेत उंदीर पडल्याची नोंद नव्हती. या शेवटच्या मुद्द्यावरून काही तज्ज्ञांनी हा प्लेगच नव्हे असेही म्हटले. त्यांचा आक्षेप मोलाचा होता, कारण गाठीचा प्लेग उंदरांवाचून पसरत नाही. परंतु फुप्फुसाचा प्लेग रुग्णाच्या खोकल्यातून थेट दुसऱ्या माणसाला होतो. त्याला वाटेत उंदीर लागत नाही. म्हणजे उंदीर न पडणे हा ‘प्लेग नाही’ याचा पुरावा होत नाही. रोगाचा पहिला रुग्ण कदाचित बाहेरून आला असेल, एवढेच त्यातून सूचित होते, आणि तेही कोठून हे त्यातून कळत नाही.

निदानाचा वाद इतका चिघळला, कारण पहिल्या दिवसांतले नमुने नीट घेतले गेले नाहीत. घाबरून सर्वत्र प्रतिजैविके वाटली गेली आणि ती घेतलेल्या रुग्णात जंतू सापडणे अवघड झाले. लोकांचे प्राण वाचवणे आधी, हे मान्यच. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता आल्या असत्या. प्रा. रामलिंगस्वामी यांच्या समितीने हा प्लेगच होता असा निष्कर्ष काढला. पुढे २००० साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी साथीतील जंतूंच्या जनुकीय तपासणीवरून त्याला दुजोरा दिला. तो सुरतेत पोचला कसा, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त झाले आणि शहराचे रूप पालटले, ही कथा सर्वश्रुत आहे. सहा विभाग पाडले गेले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरावे लागले, रात्री झाडलोट सुरू झाली, मिठाईवाले आणि उपाहारगृहे यांची कडक तपासणी झाली. इंटॅक या संस्थेने नंतर सुरतेला चंदिगढच्या खालोखाल स्वच्छ शहर ठरवले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरसोबत पहिला क्रमांक मिळाला. या यशाची स्तुती पुष्कळ झाली आहे. मला त्यातला एक बारकावा सांगावासा वाटतो. १८९७ च्या अधिकाऱ्यांनीही स्वच्छताच केली होती. मग एक स्वच्छता फसली आणि दुसरी फळली, असे का? पहिलीने भिंती धुतल्या. दुसरीने उघड्यावर रात्रभर पडणारे अन्न उचलले, तुंबलेली गटारे मोकळी केली, म्हणजे उंदराचे खाणे आणि लपण्याची जागाच काढून घेतली. नुसते विष घालून मारलेल्या उंदरांची जागा दुसरे उंदीर लवकरच भरून काढतात, कारण खाद्य तेवढेच राहते. या प्रकाराला शास्त्रात धारणक्षमता असे भारदस्त नाव आहे. आपल्या गृहिणींना ते नावाविना ठाऊक असते.

रोग मात्र कायमचा गेलेला नाही. २००२ साली हिमाचल प्रदेशात शिमला जिल्ह्यातील हाटकोटी येथे आणि २००४ साली उत्तराखंडातील एका गावात तो लहान प्रमाणात दिसला. हाटकोटीची साथ एका शिकाऱ्याने रानमांजर मारून सोलले तेथून सुरू झाली असे तपासात आढळले. रानातील उंदरांमध्ये हा जंतू गुपचूप नांदत असतो. शहरातला काळा उंदीर हा त्या रानाचा आणि आपल्या स्वयंपाकघराचा दुवा. सुरत, नवसारी, वलसाड या भागांत दर पावसाळ्यात डोके वर काढणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजारही उंदरांशीच निगडित आहे, परंतु त्याची साखळी निराळी: तेथे पिसू नाही, उंदराच्या मूत्राने दूषित झालेले भाताच्या आणि उसाच्या शेतातले पाणी आहे, आणि त्या पाण्यात भेगाळल्या पायांनी उभा राहणारा शेतमजूर आहे. एकाच प्राण्याच्या दोन साखळ्या शेजारी शेजारी मांडल्या तर मुलांना ‘अधिवास’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १९९३ पासून दहा ते सतरा वयाची मुले आपल्या परिसरातील प्रश्नांवर प्रकल्प करतात. सुरतेच्या मुलांसाठी एक साधा प्रकल्प सुचवतो. दोन गल्ल्या निवडाव्यात. एकीत कचरा रात्रीच उचलला जातो, दुसरीत सकाळपर्यंत पडून राहतो, अशा. दोन्हींत ठरावीक जागी, एकाच मापाच्या फळीवर, पिठाचा पातळ थर पसरून ठेवावा आणि सकाळी उंदरांच्या पावलांचे ठसे असलेल्या फळ्या मोजाव्यात. उंदीर पकडण्याची गरज नाही. सात रात्री हे करावे, पाऊस पडला तर तसे वहीत लिहावे, आणि आपल्या अंदाजाविरुद्ध आकडे आले तर ते खोडू नयेत. मग पुढचे सात दिवस दुसऱ्या गल्लीतल्या रहिवाशांना रात्री कचरा झाकून ठेवण्याची विनंती करावी आणि पुन्हा मोजावे. पहिल्या गल्लीत काहीही बदल करू नये. सिमाँच्या दुसऱ्या भांड्याचे काम ती करील. या फिरतीत एखादा मेलेला उंदीर दिसला, विशेषतः मारल्याची काही खूण नसलेला, तर त्याला हात न लावता, जवळ न जाता, मोठ्या माणसांकरवी महानगरपालिकेच्या विभागीय कचेरीला कळवावे, आणि वहीत तारीख, वेळ व जागा यांच्यापुढे ‘पडला’ असे लिहावे.